एकोणीस आकडी तारा आणि पंधरा आकडी शीट

५८५३४९८७१३१९०५२५६९६.

हा कुणाचा आधार क्रमांक नाही, की गॅस कनेक्शनचा ग्राहक क्रमांक नाही. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी. गाइया नावाच्या अवकाशयानाने केलेल्या ताऱ्यांच्या यादीतला त्याचा हा नंबर. मोजून एकोणीस आकडे.

माझी भाची खानापुरात राहते, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात एसएसएलसीला, म्हणजे दहावीला आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी 'आपले तारे किती लांब' असा तक्ता करायचं तिने घेतलं. इंटरनेटवरून ताऱ्यांची यादी उतरवली, स्प्रेडशीटमध्ये उघडली आणि रात्री साडेनऊला मला फोन लावला. "मामा, बघ की, सगळ्या ताऱ्यांच्या नंबरांत शेवटी चार-चार शून्यं आलीत. आणि एका ताऱ्याचं अंतर शून्य आलंय. म्हणजे तो आमच्या परसातच हाय काय?"

यादी बरोबर होती. पोरीचा गुणाकारही बरोबर होता. मधल्या मध्ये शीटने कुणाला न विचारता दुरुस्ती करून ठेवली होती. हा घोटाळा फक्त शाळकरी पोरांचा होतो असं नाही, भल्याभल्यांचा होतो, म्हणून जरा बैजवार लिहितो.

विषय सध्या बातम्यांतही आहे. युरोपियन अवकाश संस्थेचं गाइया यान १९ डिसेंबर २०१३ ला आकाशात गेलं, जानेवारी २०२५ पर्यंत तारे मोजत राहिलं आणि २७ मार्च २०२५ ला कायमचं बंद केलं गेलं. त्याच्या मोजमापांचा चौथा मोठा संच डिसेंबर २०२६ मध्ये खुला करायचं संस्थेने जाहीर केलं आहे. अशा वेळी 'आता कोणीही घरबसल्या ताऱ्यांची माहिती उतरवून घ्या' असं छापून येतं. घ्या, जरूर घ्या. पण घेताना काय सांडतं ते ठाऊक असू द्या.

## एक गाव, तीन नावं, एक पिनकोड

आमच्या सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. बेळगाव, बेलगाम, बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, घरात बेळगाव राहिलं, आणि रेल्वे स्टेशनचा कोड अजून बीजीएम. नावांवरून गावात किती वाद झाले ते सोडा, पण ५९०००१ हा पिनकोड घातला की पत्र बरोबर येतं. शेताचंही तेच. आपण म्हणतो 'ओढ्याकाठचं', शेजारी म्हणतो 'चिंचेखालचं', आणि उताऱ्यावर असतो सर्व्हे नंबर.

ताऱ्यांचं हेच आहे, फक्त नावं तीन नव्हे, तीस-चाळीससुद्धा असतात. आपला व्याध म्हणजे इंग्रजीतला सिरियस. जुन्या हेन्री ड्रेपर यादीत तो एचडी ४८९१५, तेजस्वी ताऱ्यांच्या येल यादीत एचआर २४९१, आणि हिप्पार्कस उपग्रहाच्या यादीत हिप ३२३४९. चारही नावं एकाच ताऱ्याची.

हे सगळे सर्व्हे नंबर एकमेकांशी जुळवून ठेवणारा तलाठी म्हणजे सिम्बाड. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात १९७२ साली ताऱ्यांच्या माहितीचं केंद्र सुरू झालं, त्याचा हा साठा. कुठलंही एक नाव टाका, बाकीची नावं, जागा आणि तेज समोर येतं. त्याच केंद्राचं व्हिझिएआर हे दुसरं दालन. तिथे खगोलशास्त्रज्ञांनी छापलेल्या वीस हजारांहून जास्त याद्या जशाच्या तशा ठेवल्या आहेत. आणि गाइयाचं स्वतःचं कोठार वेगळं.

स्वाती, चित्रा, ज्येष्ठा असं लिहून शोधलंत तर यातलं काही सापडेलच असं नाही. त्यासाठी हिप क्रमांक हाताशी ठेवावे: स्वाती ६९६७३, चित्रा ६५४७४, ज्येष्ठा ८०७६३, मघा ४९६६९, रोहिणी २१४२१, अभिजित ९१२६२, श्रवण ९७६४९, अगस्त्य ३०४३८. हे आठ आणि व्याध मिळून प्रदर्शनाचा अर्धा तक्ता झालाच. गंमत म्हणजे प्रदर्शनाला येणाऱ्या कन्नड बाईंना यातलं एकही नाव समजावून सांगावं लागलं नाही. रोहिणी, चित्रा, स्वाती ही नावं त्यांच्याकडेही तीच. त्यांचे शेतकरीही पाऊस नक्षत्रानेच मोजतात, आपल्या मृगाला ते 'मृगशिरा मळे' म्हणतात. 'मळे' म्हणजे पाऊस.

## रकान्यात काय असतं

उतरवलेल्या फाइलीत शंभरावर रकाने असू शकतात. आपल्याला चार पुरतात.

पहिले दोन म्हणजे ताऱ्याचा पत्ता. पृथ्वीवर रेखांश आणि अक्षांश असतात तसे आकाशात विषुवांश आणि क्रांती. क्रांती अंशांत मोजतात, आकाशातल्या विषुववृत्ताच्या उत्तरेला अधिक, दक्षिणेला उणे. विषुवांश मात्र जुन्या रिवाजाने तास-मिनिट-सेकंदांत लिहितात, कारण आकाश २४ तासांत एक फेरा मारताना दिसतं. एक तास म्हणजे १५ अंश. हा रिवाज पुढे आपला घात करणार आहे, लक्षात ठेवा.

तिसरा रकाना प्रत, म्हणजे ताऱ्याचं दिसणारं तेज. इथे उलटा कारभार आहे. शर्यतीतल्या नंबरासारखं समजा, पहिला आलेला सगळ्यात भारी. प्रत जितकी कमी तितका तारा तेजस्वी. अभिजित जवळजवळ शून्य प्रतीचा, व्याध उणे १.४६ चा, आणि काळ्याकुट्ट रात्री नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसणारा तारा सहाव्या प्रतीचा. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक. म्हणून शीटमध्ये तेजस्वी तारे वर आणायचे असतील तर प्रत चढत्या क्रमाने लावायची. भाचीने पहिल्यांदा उतरत्या क्रमाने लावली, आणि वरचे वीस तारे असे निघाले की तिच्या शाळेत कुणी कधी पाहिलेच नव्हते.

चौथा रकाना पराशय. सगळी मजा याच्यात आहे.

बेळगावहून खानापूरला बसने जाताना खिडकीतून बघा. रस्त्याकडेची सागाची झाडं सपासप मागे पळतात, आणि लांबचा सह्याद्रीचा डोंगर जागचा हलत नाही. आपण हललो की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. पृथ्वीही एक बसच आहे. जानेवारीत ती सूर्याच्या एका बाजूला असते, जुलैत दुसऱ्या. तेवढ्यात जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. त्या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. तो मोजला की अंतर कळतं.

'किंचित' म्हणजे किती किंचित? अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला किंवा आर्कसेकंद. हा कोन विकलेच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलि-आर्कसेकंदांत लिहितात. अडीच सेंटिमीटरचं नाणं पाच हजार किलोमीटरवरून बघितलं तर ते डोळ्याशी साधारण एक मिलि-आर्कसेकंदाचा कोन करतं. म्हणजे इथे बसून अरबस्तानाच्याही पलीकडे धरलेलं नाणं. आणि सगळ्यात जवळच्या प्रॉक्झिमाचाही पराशय अवघा ७६८ मिलि-आर्कसेकंद.

## किती मागायचं?

गाइयाच्या तिसऱ्या संचात, जो १३ जून २०२२ ला आला, सुमारे १८१ कोटी नोंदी आहेत. भारताच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात. सगळं आकाश भरायचं तर अशी सतराशेच्या वर शीटं लागतील. तुमच्या शाळेच्या लॅबमधल्या संगणकाने पहिल्याच शीटला मान टाकली असती.

तेव्हा नेम धरून मागायचं. किराणा दुकानात 'सगळं द्या' म्हणत नाही आपण, 'अर्धा किलो तूरडाळ, पाव किलो शेंगदाणे' म्हणतो. कोठारालाही तसंच सांगायचं: कुठली यादी, कुठले रकाने, कोणती अट, किती ओळी. व्हिझिएआरमध्ये हे रकान्यांसमोर खुणा करून आणि अटी लिहून होतं. गाइयाच्या कोठारात चार ओळींची मागणी लिहावी लागते: पहिल्या पाचशे ओळी निवड, हे रकाने दे, या तक्त्यातून दे, जिथे पराशय १०० पेक्षा मोठा आहे. एवढं लिहिलं की साधारण ३२.६ प्रकाशवर्षांच्या आतले तारे हातात येतात. भाषा इंग्रजी शब्दांची आहे, पण वाक्यरचना शिधापत्रिकेच्या अर्जाहून सोपी.

व्हिझिएआरमध्ये एक फसवी जागा आहे. तो न सांगता पहिल्या ५० ओळीच दाखवतो. मर्यादा वाढवायची जागा बाजूलाच असते, पण नवशिक्याला दिसत नाही, आणि मग 'हिप्पार्कसने फक्त ५० तारे मोजले' असा निष्कर्ष निघतो. त्याने मोजले होते १,१८,२१८.

शाळेच्या कामासाठी माझं मत विचाराल तर गाइया नकोच. त्याचे डोळे अंधुक ताऱ्यांसाठी आहेत. फार तेजस्वी तारे त्याला दिपवतात, आणि आपण ज्यांना नावाने ओळखतो ते नेमके तेच. व्याध, स्वाती, अगस्त्य हवे असतील तर १९९७ ची हिप्पार्कस यादी घ्या, किंवा तेजस्वी ताऱ्यांची येल यादी. येल यादीत ९,११० नोंदी आहेत. त्यांतल्या १४ तारे नाहीतच, पूर्वी चुकून शिरलेल्या किंवा भडकून विझलेल्या वस्तू आहेत. नंबर बदलायला नकोत म्हणून त्यांच्या ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत.

## शीट काय काय बिघडवतं

आता भाचीच्या चार शून्यांकडे येऊ.

स्प्रेडशीट मुळात हिशेबासाठी बनलेली वस्तू. तिला वाटतं की आकडा दिसला म्हणजे रक्कम आहे. आणि रकमेचे ती पहिले पंधरा आकडेच खरे ठेवते, पुढच्या जागी शून्य भरते. रुपयांत हे कुणाला कळणारही नाही, कारण पंधरा आकडी रुपये आपल्यापैकी कुणी मोजलेले नाहीत. पण प्रॉक्झिमाचा ५८५३४९८७१३१९०५२५६९६ तिथे ५८५३४९८७१३१९०५२०००० होतो. पडद्यावर तर तोही दिसत नाही, ५.८५ आणि पुढे दहाचा घात असं काहीतरी दिसतं.

यात नुसता नंबर बिघडतो असं नाही. गाइयाच्या क्रमांकात ताऱ्याची आकाशातली जागा गुंफलेली असते, त्यामुळे शेजारच्या ताऱ्यांचे सुरुवातीचे आकडे सारखेच असतात आणि फरक शेवटच्या आकड्यांत असतो. ते शेवटचे चार आकडेच पुसले की दोन शेजाऱ्यांचा नंबर एक होऊ शकतो. उताऱ्यावर दोन भावांची शेतं एकाच गटात चढली तर पुढे काय होतं ते आमच्याकडे कुणाला सांगायला नको.

उपाय सोपा आहे, पण तो फाइल उघडण्याच्या आधी करायचा असतो. फाइलीवर दोनदा टिचकी मारून उघडायची नाही. एक्सेलमध्ये 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकुराची फाइल) निवडायचं आणि क्रमांकाच्या रकान्याला 'टेक्स्ट' म्हणून सांगायचं. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडतानाच तशी खिडकी येते. गूगल शीट्समध्ये आयात करताना मजकुराचे आकडे करण्याची खूण काढून टाकायची. याहून सोपी युक्ती म्हणजे गाइयाच्या तक्त्यात 'डेझिग्नेशन' नावाचा रकाना असतो, त्यात क्रमांकाच्या आधी 'गाइया डीआर३' ही अक्षरं लिहिलेली असतात. अक्षरं दिसली की शीट त्याला रक्कम समजत नाही. मी हल्ली तोच रकाना मागतो.

एकदा शून्यं भरली गेली की रकान्याला नंतर 'टेक्स्ट' करून काही परत येत नाही. आणि तीच फाइल त्याच नावाने सेव्ह केलीत तर मूळ यादीही गेली. उतरवलेली फाइल एका बाजूला तशीच ठेवा आणि काम तिच्या नकलेवर करा.

दुसरी बिघाडाची जागा विषुवांश. व्याधाचा विषुवांश ६ तास ४५ मिनिटं ८.९ सेकंद. फाइलीत तो मध्ये दोन टिंबांचं चिन्ह घालून आला तर शीटला वाटतं, ही सकाळची पावणेसातची वेळ. आत ती दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवते, ०.२८१. तुम्ही त्याला १५ ने गुणून अंश काढायला जाता आणि उत्तर येतं चार. खरं उत्तर १०१.२९ अंश. (ज्याला कोडी आवडतात त्याच्यासाठी: १५ ऐवजी ३६० ने गुणलं तर बरोबर उत्तर येतं. का, ते शोधा.) या भानगडीत न पडता मागतानाच 'दशांश अंशांत द्या' असं सांगावं. ती सोय असते.

तिसरी जागा मला सगळ्यात आवडते, कारण ती मृगात आहे. व्याधाने मारलेला बाण म्हणजे मृगाच्या पोटातले ओळीने असलेले तीन तारे. त्यांतल्या एका टोकाचा तारा मिंटाका. त्याची क्रांती उणे ० अंश १७ कला ५७ विकला. अंश, कला, विकला असे तीन रकाने केलेत तर पहिल्या रकान्यात 'उणे शून्य' येतं. शीटला उणे शून्य माहीत नाही, ती म्हणते शून्य. उणे गेलं, आणि मिंटाका विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून उत्तरेला जाऊन बसला, जवळजवळ ३६ कला सरकून. पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा जास्त. बाण वाकडा झाला!

चौथी जागा कोरे रकाने. ज्या ताऱ्याचं मोजमाप झालं नाही त्याची जागा कोरी असते. कोऱ्या जागेला कशानेही गुणलं की शीट शून्य देते. भाचीने पार्सेकमधल्या (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं) अंतराच्या रकान्याला ३.२६ ने गुणून प्रकाशवर्षं केली होती, आणि तो परसातला तारा असा निघाला. प्रतीच्या रकान्यात हे झालं तर आणखी हास्यास्पद, कारण शून्य प्रत म्हणजे अभिजितइतका झगझगीत तारा. ज्याला कुणी नीट मोजलंही नाही तो यादीत सगळ्यांच्या वर. तेव्हा आधी गाळणी (फिल्टर) लावून कोऱ्या ओळी वेगळ्या काढायच्या.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी पटकन सांगतो. काही फाइलींत रकाने स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने किंवा टॅबने तोडलेले असतात, मग सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं दिसतं. आयात करताना विभाजक बदलला की सुटतं. वरती माहितीच्या ओळी आणि शीर्षकाखाली एककांची ओळ असते. ती कचरा समजून उडवू नका, दुसऱ्या शीटवर नकलून ठेवा. आणि तुम्ही 'मराठी नाव' असा रकाना घालून पुन्हा सीएसव्ही केलीत तर पुढच्या वेळी स्वातीच्या जागी किडे-मुंग्या दिसू शकतात. मराठी घातलंत की फाइल एक्सेलच्या स्वतःच्या प्रकारात सेव्ह करा.

हे वाचून कुणाला वाटेल, एवढं काय त्यात! जीवशास्त्रज्ञांना विचारा. माणसाच्या काही जनुकांची लघुनावं अशी होती की शीट त्यांना मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजायची. शेवटी नामकरण समितीने २०२० च्या सुमारास जनुकांचीच नावं बदलली.

## अंतर काढताना

सूत्र एका ओळीचं आहे: १००० ला पराशयाने भागा, अंतर पार्सेकमध्ये मिळतं. त्याला ३.२६ ने गुणा, प्रकाशवर्षं. पार्सेक म्हणजे नुसतं अंतराचं माप, त्याला घाबरू नका. स्वातीचा पराशय हिप्पार्कसमध्ये ८८.८५, म्हणून अंतर ११.२६ पार्सेक, म्हणजे ३६.७ प्रकाशवर्षं. व्याध ३७९.२१, म्हणून ८.६ प्रकाशवर्षं.

पण पराशयाच्या शेजारी आणखी एक रकाना असतो, चुकीच्या शक्यतेचा. तो बहुतेक जण मागतच नाहीत. १९९७ च्या यादीत ज्येष्ठेचा पराशय ५.४०, आणि शक्य चूक १.६८. नुसत्या ५.४० ने भागलं तर ६०४ प्रकाशवर्षं. चूक एका बाजूला धरली तर ४६० आणि दुसऱ्या बाजूला धरली तर ८७६. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं नाही, हेही बघा. भागाकाराचा हा स्वभावच आहे. २००७ साली तीच मोजमापं नव्याने तपासली तेव्हा पराशय ५.८९ आला, अंतर साडेपाचशेच्या आसपास. 'ज्येष्ठा ६०४ प्रकाशवर्षं' असं ठामपणे छापणारा आणि 'साधारण साडेपाचशे, शे-सव्वाशे मागेपुढे' म्हणणारा, यांतला दुसरा माणूस मला जास्त विश्वासू वाटतो.

अंधुक ताऱ्यांच्या यादीत तर उणे पराशयही भेटतात. तारा पृथ्वीच्या मागे गेला असा त्याचा अर्थ नाही. खरा कोन इतका बारीक की मोजमापाची थरथर त्याच्यापेक्षा मोठी झाली. काट्यावर एक चिमूट केशर ठेवलं आणि वाऱ्याने काटा उणेत गेला, तसं. अशा ओळींना सूत्र लावू नये.

मोठ्या लोकांचीही यात फसगत झाली आहे. कृत्तिकांचा झुबका हिप्पार्कसच्या हिशेबाने सुमारे ११८ पार्सेकवर, म्हणजे ३८५ प्रकाशवर्षांवर येत होता. इतर पद्धतींनी तो १३३ ते १३६ पार्सेक येई. वीस वर्षं वाद चालला. गाइयाने मोजलं तेव्हा १३६ च्या जवळ आला, साधारण ४४० प्रकाशवर्षं. म्हणून तक्त्याखाली कुठल्या यादीतून, कुठल्या सालचा आकडा घेतला ते लिहायचं. नुसतं 'इंटरनेटवरून' हे उत्तर झालं नाही.

## "दोन याद्या जोडल्या तर चालतील का?"

चालतील, पण पत्त्यावरून जोडू नका, नंबरावरून जोडा. तारेही सरकतात. हिप्पार्कसचे पत्ते १९९१ सालचे, गाइयाच्या तिसऱ्या संचाचे २०१६ चे. बर्नार्डचा तारा दर वर्षी १० विकलांहून जास्त सरकतो, म्हणजे तेवढ्या काळात चार कलांच्या वर गेला. १९९१ च्या मतदार यादीतला पत्ता घेऊन शहापुरात कुणाला शोधायला गेलात तर तो एव्हाना अनगोळला राहायला गेलेला असतो. तसंच गाइयाची प्रत आणि जुन्या यादीतली दृश्य प्रत एकाच रकान्यात मिसळू नका. दोघांनी वेगवेगळ्या रंगाच्या काचेतून बघितलेलं आहे.

## "मोबाइलवर ॲप आहे की, मग शीट कशाला?"

ॲप छान आहे, मी स्वतः वापरतो. ते 'हा तारा कोणता' सांगतं. पण 'आपल्याला दिसणाऱ्यांपैकी ५० प्रकाशवर्षांच्या आतले किती' असं विचारलं की गप्प बसतं. अट लावून मोजायचं, क्रम लावायचा, आलेख काढायचा तर आकडे आपल्या हातात हवेत. आजकाल पोरं चॅटबॉटला विचारतात. तो सरळ चेहऱ्याने एकोणीस आकडी नंबर देतो, एखादा आकडा इकडचा तिकडे करून. कोठारात टाकून पडताळायला अर्धा मिनिट लागतो.

## "पैसे, परवानगी?"

काही लागत नाही. हे सगळे साठे फुकट आणि खुले आहेत. वापरलंत तर नाव घ्या, एवढीच त्यांची अपेक्षा. एक्सेल विकत घेतलेलं नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे. गूगल शीट्सची मर्यादा एका फाइलीला एक कोटी चौकटींची. आणि कधी लाखांच्या वर तारे हवे झाले तर शीट सोडून द्या आणि टॉपकॅट नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्या. तो खास ताऱ्यांच्या तक्त्यांसाठी लिहिलेला आहे, एकोणीस आकडे जसेच्या तसे सांभाळतो आणि त्याला उणे-अधिकची भीती वाटत नाही.

## आपल्या आकाशाचं शीट

एक काम मात्र शीटमध्ये करण्यात खरी मजा आहे. बेळगावचा अक्षांश सुमारे १५.८५ अंश उत्तर. ९० मधून तो वजा करा, ७४.१५ येतात. म्हणजे ज्या ताऱ्याची क्रांती उणे ७४ च्याही खाली आहे तो आपल्याला जन्मात उगवलेला दिसणार नाही. क्रांतीच्या रकान्याला 'उणे ७४ पेक्षा जास्त' अशी गाळणी लावली की आपलं आकाश वेगळं निघालं. आता एक नवा रकाना करा: ७४.१५ मध्ये क्रांती मिळवा. दक्षिणेकडच्या ताऱ्यासाठी हे उत्तर म्हणजे तो जास्तीत जास्त किती अंश वर चढतो. अगस्त्याची क्रांती उणे ५२.७, उत्तर २१ अंश. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ साधारण दहा अंशांची, म्हणजे अगस्त्य क्षितिजावर दोन मुठी. प्रॉक्झिमा जेमतेम अकरा अंश, आणि अकराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना नाहीच.

भाचीने नऊ तारे घेतले. मुठींचा रकाना तिनेच काढला, मला सुचला नव्हता. 'उंची, मुठींत' असं शीर्षक दिलं आणि कन्नडमध्येही लिहून घेतलं. फेब्रुवारीत संध्याकाळी जांबोटीच्या रस्त्याला, जिथे खांबावरचे दिवे संपतात, तिथे जाऊन तिने अगस्त्यावर मूठ धरून बघितली. दोन भरल्या, वर थोडं उरलं. "माझी मूठ लहान हाय," म्हणाली.

प्रॉक्झिमा दिसत नसला तरी तिला तक्त्यात हवाच होता. शीटवर आता कुणाचाच विश्वास नव्हता. म्हणून कार्डशीटच्या तळाशी तिने तो नंबर काळ्या स्केचपेनने हाताने लिहिला, आणि मी फोनवर एकेक आकडा वाचून दाखवला, दोनदा.